आक्षेप क्रमांक चार : खुलासा

मा. लेखापरीक्षक साहेब,
आपला शेरा मिळाला.
‘सन १९६४. दगड, नग एक, रुपये चार.
नदीत फुकट मिळणारी वस्तू विकत का घेतली?’
विचारलंत ते बरं केलंत.
साठ वर्षांत आमच्या समितीला
कोणी काही विचारल्याचं दप्तरात दिसत नाही.

ठराव सतरा, नांदरखेडे नगरपालिका.
सूचक वेडू आधार महाजन, अनुमोदक गफ्फार तडवी.
गावातल्या जुन्या वस्तू जतन कराव्यात,
वार्षिक अनुदान अडीचशे.
कपाट मिळालं गुरांच्या दवाखान्यात,
म्हणून आमच्या मोडी कागदांना अजून
फिनेलचा वास येतो
आणि जुन्या रजिस्टरात मध्येच
एखादी गाभण म्हैस सापडते.

दगडाचं असं झालं.
हिलाल मास्तर, पहिले चिटणीस,
गिरणेवर अंघोळीला गेले, तर
सखूबाई परटिणीच्या धुण्याखाली त्यांना अक्षरं दिसली.
दगड ओला असला की दिसायची, वाळला की नाहीशी.
चार ओळी. मधल्या दोन
आपटून आपटून गेलेल्या.
मास्तर गुडघाभर पाण्यात उभे राहून सांगत राहिले :
शिलालेख, इतिहास, सरकार.
तिनं लुगडं पिळून होईपर्यंत ऐकलं.
मग म्हणाली,
“दगड लई जा रे भो,
पन मी धुनं कसावर धोऊ?”

याचं उत्तर ठरावात नव्हतं.
मास्तरांनी पाथरवटाकडून दुसरा घडवून दिला.
त्याचे ते चार रुपये.
पावतीवर तिचा अंगठा आहे, जरा ओला उमटलेला.

बहात्तरला अनुदान आलं नाही.
त्या साली आमची जुनी पायली
धान्य वाटायला नेली म्हणतात;
परत आली ती पोचा पडून.
पुढं समितीचं नाव तीनदा बदललं,
तिन्ही वेळा पेंटरचं बिल अनुदानाहून मोठं.
जकात बंद झाली तेव्हा जकात नाका आम्हाला मिळाला.
वर पत्रा. मे महिन्यात आत
तांब्याच्या नाण्याला हात लावता येत नाही.
मी तिथंच बसतो.
माझ्या मानधनाचा आक्षेप वेगळा आहे, क्रमांक नऊ.

मध्यंतरी पुण्याच्या एक बाई
ओला कागद थापून ठसा घेऊन गेल्या.
त्यांचं पत्र फाइलीत आहे :
पहिली ओळ, स्वस्ति श्री.
शेवटची, ‘हे जो मोडील त्याचा’
आणि तिथं कड फुटलेली.
त्याचं काय होईल, ते कळत नाही.

गेल्या पोळ्याला सखूबाईची नातसून
हातगाडीवर दगड घेऊन आली.
दुसरा. चार रुपयांचा.
मध्ये खोलगट, कडांना साबणाची पांढुरकी रेघ.
म्हणाली, आवर्तन सुटलं तरच नदीला पाणी,
आम्ही आता नुसती इस्त्री करतो.
आजेसासू सांगून गेली होती,
हा सरकारी आहे,
काम झालं की परत नेऊन द्यायचा.

मी रजिस्टर उघडलं. अनुक्रमांक दोनशे तेरा.
‘वस्तूचा काळ’ या रकान्यात
बराच वेळ पेन धरून बसलो.

सबब आक्षेप वगळावा, ही विनंती.
समक्ष पाहायला यावं. दोन्ही शेजारीशेजारी ठेवलेत.
येताना पाण्याची बाटली आणा.
नाक्यावरच्या नळाला चौथ्या दिवशी येतं,
आणि कोरडं असताना
कुठला कुठला, ते मलाही
लगेच सांगता येत नाही.

आपला,
सुपडू झिपरू बारी,
लिपिक (अर्धवेळ)