उडीले

बुरडगल्लीतल्या चिंधूनं विचारलं,
"मांडवाले का तिरडीले?"
त्याच्याकडचा बांबू या दोनच कामांना जायचा.
खोब्रागडे सर म्हणाले, "उडीले."

चिंधूनं मला खालून वर बघितलं.
तेरा वर्षांची, भावाची हाफपँट सुतळीनं बांधलेली.
मग पेरं चाचपत एक निवडला, उन्हात धरला,
पाच रुपये कमी घेतले.
"या कामाचा भाव मले मालूम नाही."

बाबांचे पाय खड्ड्यात असत.
गोळीबार चौकातली एक खोली,
भुई खणून बसवलेला माग,
कमरेपर्यंत बाबा, खाली पावड्या,
आणि धोटा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे,
चाळीस वर्षं.
मी म्हटलं, बाबा, मी उभी जाते वर.
"ताणा बी उभाच रायते, पोरी.
पयले तोच तुटते."

गादी नव्हती.
कळमन्याच्या बाजारातून
संत्र्याच्या पेट्यांतलं तणस मागून आणायचो,
गोणपाटात भरायचो, वर ताडपत्री.
पहाटे साडेपाचला मी आभाळातून पडायचे
आणि मैदानभर संत्र्याचा वास सुटायचा.
नऊ वाजता ऊन असं की सर म्हणत,
चला, आता सूर्याचा नंबर.

पहिला फायबरचा पोल जुना, दुसऱ्याचा.
त्यावर वजन लिहिलेलं : पंचावन्न किलो.
मी एकोणपन्नास.
त्याला वाकवता यावं म्हणून
आई रात्री स्वतःच्या ताटातली भाकर माझ्या ताटात सरकवायची
आणि मला कळत नाही असं समजायची.

पोल गाडीच्या डब्यात मावत नाही.
खिडकीच्या गजांना बाहेरून बांधायचा,
बल्लारशापासून रात्रभर
दर स्टेशनाला हात बाहेर काढून बघायचं,
आहे.
गार्ड ओरडे, टीसी दंड मागे.
पुढे खेळाच्या कोट्यातून
मीच काळा कोट घालून अजनीच्या फलाटावर उभी राहिले.
पहिल्या महिन्यात कुणालाच दंड केला नाही.

बाबा गेले तेव्हा मी रांचीत होते.
कांस्य घेऊन तिसऱ्या दिवशी आले
तर भिंतीशी टेकवलेला बांबू नव्हता.
भाऊ खाली बघून म्हणाला,
एक कमी पडत होता.
मी काही बोलले नाही.
बाहेर नळावर पाय धुतले, बराच वेळ धुतले.

चार शून्य पाच. एकदाच, चेन्नईत.
लोक विचारतात, वर काय दिसतं?
काही दिसत नाही.
उलटी असता, पाय आधी गेलेले,
पोट दांडीवरून वळतं श्वास धरून,
आणि नेमकं तेव्हाच
ज्यानं इथवर आणलं त्याला हातानं मागे ढकलावं लागतं,
नाहीतर दांडी तोच पाडतो.
हे सरांनी शिकवलं होतं. पोलबद्दलच.
मी कितीतरी माणसांवर वापरलं.

मग खांदा. मग दुसरा खांदा.
मग वर्तमानपत्रात माझ्या नावाआधी "माजी".

आमच्या खेळात शेवटचा झेंडा लालच.
जिंकलं तरी उंची वाढवत जायचं
तीनदा पाडेपर्यंत.
सोन्याच्या दिवशीही मी तीनदा पाडूनच
टाळ्यांतून खाली उतरले होते,
आईला फोनवर हे समजावता आलं नाही.
"मंग जितली का हरली?"
जितली, आई.
"मंग पाडलं कायले?"

आता संध्याकाळी मानकापूरला सहा पोरी येतात.
एकीचा बाप पंक्चर काढतो,
एकीचा कुठे आहे ते ती सांगत नाही.
मे महिन्यात पोल ओल्या पोत्यांखाली झाकतो,
टेपचा चिकटा तळहातांना लागतो, रात्री भातालाही वास येतो.

दांडी पडते. खणखणत नाही,
थप् करून पडते, उपरण्यासारखी.
कुणीतरी उचलून देतं.
किती ठेवू, मी विचारते.
आत्ताच पडलेली पोर
केसांतलं काहीबाही झटकत
पाच सेंटिमीटर जास्त सांगते.