फाटू नये एवढंच

कागदगिरणीचा वास नाकात बसला
की चिलिकॉथी आलं समजायचं.
ऑरिन टॅकेटचं दुकान त्याच वाऱ्यात.
मंगळवारी गर्दी नसते, म्हणून मंगळवार धरला.
श्रीरंग गाडीतच थांबला, शब्दकोडं घेऊन.

तीन अँप, पाठीच्या फळ्या काढलेले.
आत काचेच्या नळ्या, रांगेत.
तीस वर्षं रक्ताच्या नळ्या हाताळल्यात मी,
हात आपोआप पुढे गेला.
"थांबा," टॅकेट म्हणाला,
"प्लग काढला तरी वीज आत दबा धरून असते.
कधी कधी कित्येक तास."
मी खिडकीतून गाडीकडे पाहिलं.

स्विच दाबला. काहीच नाही.
हे मला आवडतं, लगेच काहीच न होणं.
मग जळक्या धुळीचा वास,
मग नळीच्या पोटात
उदबत्तीच्या टोकाएवढं केशरी.

"गिटारवाली पोरं येतात," तो सांगत होता,
"त्यांना आवाज फाटलेला लागतो.
जितका लवकर फाटेल तितके जास्त पैसे मोजतात.
तुम्हा स्टीलवाल्यांचं उलटं.
तुमचा स्वर मुळातच रडवेला,
अँपनंही रडायचं म्हणजे फार झालं."

नख्या चढवल्या. दहा तारा, तीन पेडल,
गुडघ्यांना चार तरफा, डाव्या हातात पोलादी कांडी.
पहिला अँप छोटा, बारा इंची, सोळा किलो.
गोड बोलला.
आवाजाचं पेडल अर्ध्यावर होतं तोवर गोडच.
पुढे दाबलं, तीन तारा एकदम छेडल्या
आणि त्या एकमेकींच्या अंगावर पडल्या,
रेशनच्या रांगेत मागून रेटा यावा तशा.

दुसरा नुसताच गुणगुणत होता.
टॅकेटनं एक थप्पड मारली, तर मोठ्यानं गुणगुणला.

तिसरा छत्तीस किलोंचा.
चार जाड नळ्या, पंधरा इंची स्पीकर,
कडेला कुणाच्या तरी सिगारेटचा जुना डाग.
कांडी बाराव्या पट्टीवरून सरकवत खाली आणली.
स्वर पेल्यातल्या पाण्यासारखा, तळ दिसणारा.
तळाशी माझी पाचवी तार होती,
केसभर उतरलेली.

पहिल्या अँपनं ती पोटात घातली होती.

बसून राहिले.
बेनब्रिजच्या हॉलमध्ये शनिवारी
सत्तरीची जोडपी नाचतात, लोरीना बास वाजवते,
माझ्याकडे कुणाचं लक्ष नसतं.
तळघरातून वर यायला अकरा पायऱ्या,
कमरेतला चौथा मणका डॉक्टरांनी फोटोत बोट ठेवून दाखवलेला.
आणि पेडल पूर्ण खाली मी कधी दाबलंय?
श्रीरंग म्हणतो, तू बोलतेस तेही
पेडलवर पाय ठेवूनच.
भांडणातसुद्धा.

"एवढी ताकद लागते कुठं मला?"
टॅकेटनं चष्मा पुसला.
"नाही लागली तर उत्तम," म्हणाला.
"पण नसली की लगेच कळतं."
विकायचा होता त्याला, हे उघड आहे.
तरी अठराशे डॉलर मोजले, घासाघीस न करता,
याचं मलाच नंतर आश्चर्य वाटलं.

दोघांनी दोन कडांना धरून उचलला.
"भरलंय काय यात?"
"लोखंड. हळू, तुझा गुडघा."
"आधी तुझी कंबर बघ."
डिकीत मावला नाही, मागच्या सीटवर बसवला.

गाडी बोंबलू लागली:
मागे कुणीतरी बसलंय, पट्टा लावलेला नाही.
श्रीरंग उतरला,
अँपला पट्टा लावून आला.

गावाबाहेर रुळांवरून गाडी दणकन उडाली,
तर अँपच्या पोटातल्या रिव्हर्बच्या स्प्रिंगा
झणझणल्या, किती वेळ.
बंद अँप, न जोडलेला.
आम्ही दोघांनी एकदमच मागे पाहिलं.