एकोणीस नंबरची लाइन

औलूमध्ये दुपारी तीनलाच दिवे लागतात.
राउहा पडद्यावर तेच पुन्हा वाचते:
इंटरप्ट एकोणीस. कुणीच दखल घेतली नाही.
म्हणून कर्नलनं लाइनच बंद करून टाकलेली.

तिच्यावर दोघांची सोय केलीय,
एक नेटवर्क कार्ड, एक बर्फाची जाडी मोजणारं यंत्र.
हाक आली की दोन्ही ड्रायव्हरांनी उठायचं,
आपापलं रजिस्टर उघडून बघायचं.
"माझी नाही" म्हणायला हरकत नाही,
पण बघून.
यातला एक न बघताच म्हणतोय.

इनारीच्याही वर, तिच्या लहानपणी,
तीन घरांत मिळून टेलिफोनची एकच तार होती.
दोन लांब घंटा आपल्या,
एक लांब एक आखूड कोर्पेलांची,
तीन आखूड म्हाताऱ्या हिल्याच्या.
त्या रात्री वाजली ती कुणाचीच नव्हती,
वेडीवाकडी, मध्येच दमणारी,
हँडल फिरवणाऱ्या हातात जोर नसावा तशी.
आई म्हणाली, कोर्पेलांचा असेल.
कोर्पेलांकडेही कुणी तरी असंच म्हणालं असेल.
सकाळी वडील स्की बांधून गेले.
परतले तेव्हा टोपी हातात होती.

राउहा चार ओळी खोडते, सहा लिहिते.
आधी बघ, मग बोल.
आणि निघताना, अगदी धडपडून निघालास तरी,
घेतलेली लाइन सोडून जा.

मॉड्यूल चढतं. हाक येते.
बर्फ: एकतीस सेंटिमीटर.

तेवढ्यात फोन. केमीहून इल्मारी.
"चुकून लागला गं."
"असू दे," ती खुर्ची मागे सरकवते,
"बोल."