चार नऊ

सलालात, गुरुवारी संध्याकाळी,
पैसे पाठवायच्या रांगेत
माझ्या पुढच्या माणसाच्या पाठीवर एक सरळ रेघ होती
जी मणक्याची नव्हती.

पडलेली पावती उचलायला तो वाकला,
सदरा वर सरकला आणि मूठ दिसली:
लाकडी, सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली.
कोयता.
मला दुसऱ्या कुणी सांगायला नको.
आमच्या गुहागरला तो आकडीला लटकून
गावभर हिंडतो, देवळापुढून, शाळेपुढून,
पोस्टाच्या रांगेतही उभा राहतो
आणि कुणी मान वर करत नाही.
पण तिथे तो उघड्यावर असतो.
सदऱ्याखालचा कोयता मी पहिल्यांदाच पाहिला.

समुद्राकडच्या रस्त्याला शहाळ्यांच्या टपऱ्या आहेत.
तिथला असेल.
तिथला असेल तर तिथेच का नाही ठेवला?
टपरीला कुलूप नसेल.
कुलूप नसेल तर चोर शहाळी सोडून कोयता का नेईल?
असं माझं माझ्याशी चाललं होतं
आणि रांग दोन माणसांनी पुढे गेली.

मग एक वयस्क ओमानी गृहस्थ आले,
लग्नाला निघालेले असावेत,
पोटाच्या बरोबर मधोमध चांदीच्या म्यानात खंजीर.
रखवालदाराने दार धरलं.
आम्ही बाजूला झालो, सलाम केला, मीसुद्धा.
बाकावरचं पोर खंजिराकडे बघून हसलं.

खिशातून फोन काढला.
नऊ. नऊ. नऊ.
चौथ्या नवावर अंगठा थांबला.
विचारतील, कसा दिसतो?
सांगेन: काटकुळा, सावळा, मिशी, चाळिशीचा,
कंपनीची निळी पँट.
समोरच्या काचेत मी दिसत होतो.
काटकुळा, सावळा, निळी पँट.

आणि कोयत्याला अरबीत काय म्हणतात?
मला फक्त सिक्कीन येतं,
मेसमधल्या कांद्याच्या सुरीचं नाव.
सिक्कीन म्हटलं की एक माणूस पकडतील,
कोयता म्हटलं की दुसराच.
मग माझा बताका नंबर. माझ्या कफीलचं नाव.
खोलीतला खांबे म्हणतो, परमुलखात डोळेसुद्धा
पासपोर्टबरोबर कंपनीच्या तिजोरीत ठेवायचे.
खांबे एकवीस वर्षं इथे आहे.
एकवीस वर्षांत त्याने काय काय पाहिलं नाही
ते तो कधी सांगत नाही.

पण काउंटरवरची मुलगी सात महिन्यांची होती.
बाकावर ते पोर.
उद्या पेपरात आलं असतं
तर कुठल्या तोंडाने वाचला असता?
चौथा नऊ दाबला.
एकदा वाजला. मी कापला.

"भाईसाब, पेन होगा?"
तो वळला होता.
पेन घेतलं, बघितलं, आणि फॉर्मसकट माझ्यापुढे धरलं.
लिहिता येत नसेल, किंवा चष्मा नसेल.
मी लिहिलं: नाव. बापाचं नाव. गाव.
रक्कम, पस्तीस रियाल.
पाठवण्याचं कारण?
म्हणाला, घर.
घर म्हणजे काय, बांधकाम, खर्च, आजारपण?
म्हणाला, लिखो ना, घर.
त्याच्या अंगाला खोबऱ्याचा वास नव्हता.
कसलाच नव्हता.

तेवढ्यात माझा फोन वाजला.
बाईचा आवाज, आधी अरबी, मग इंग्रजी, मग हिंदी:
तुम्ही फोन केला होता. सगळं ठीक आहे?
तो माझ्याकडे बघत होता.
त्याचं नाव माझ्याजवळ होतं, स्पेलिंगसकट.
"गलती से लगा," मी म्हटलं. आणि मग,
तोंडातून मराठीच आलं,
"माफ करा."
कुणाला म्हटलं, मलाही नक्की ठाऊक नाही.

त्याने पैसे भरले. टोपण लावून पेन परत दिलं.
दारात एकदा हात मागे नेऊन
सदरा खाली ओढला, आणि गेला.

त्या गुरुवारी काही झालं नाही.
पुढच्याही नाही. पेपर मी रोज बघतो.
काही झालं नाही म्हणजे मी बरोबर होतो असं नाही,
एवढं खांबेला पटत नाही.
नाव विचारू नका. त्या बाईला नाही सांगितलं,
तुम्हाला कसं सांगू?

हल्ली रांगेत माझ्या मागे कोण उभं आहे
ते आधी बघतो,
आणि सदरा पँटीत नीट खोचून घेतो.