पंधरा किलो

एकतीस वर्षं मी तोलमाप खात्यात होतो.
मांडवीच्या किराणा दुकानांत,
खंडेराव मार्केटच्या मागच्या गल्लीत
पारड्याच्या तळाला चिकटवलेली चिंच मी शोधून काढली,
पोखरलेली वजनं जप्त केली,
मापाच्या बुडात मेण ओतणारा माणूस
त्याच्या नमस्कारावरूनच ओळखला.

तरी परवा डॉक्टर पारेखबाईंनी विचारलं,
घरात माणसं किती,
आणि तेलाचा डबा जातो किती दिवस?
मी कुमुदकडे पाहिलं.
कुमुदनं पंख्याकडे.

म्हटलं, बाई, मी गोड खात नाही.
खरंच नाही खात. चहा फिका, श्रीखंड पाडव्यापुरतं.
वडिलांच्या पायाचा अंगठा सयाजी हॉस्पिटलात राहिला
तेव्हापासून साखरेशी मी
पाकीट घेऊन आलेल्या व्यापाऱ्याशी बोलावं तसा
उंबऱ्यातूनच बोलतो.

त्या म्हणाल्या, गोडाचं मी विचारलंच नाही.
आणि औषधाच्या चिठ्ठीमागे एक कुलूप काढलं.
साखर दाराशी उभी. किल्लीही आहे.
पण आत, यकृतात, स्नायूंत, चरबी साचत गेली
की किल्ली फिरेनाशी होते.
मी म्हटलं, आमच्याकडे कुलूप अडलं की तेलच सोडतात.
हे कुलूप त्यातलं नाही, काका.

उपाशीपोटी एकशे अठरा.
झालेला नाही अजून, काठावर आहात.
काठ मला ठाऊक आहे.
कायद्यात त्याला सूट असते, ठरावीक ग्रॅमांची,
आणि ती मी कैकदा दिली आहे,
कधी माणूस बघून,
कधी नुसतं ऊन फार होतं म्हणून.

रात्री भिंतीवरचं कॅलेंडर काढलं.
डबा फोडला की कुमुद तारखेवर टिकली लावते.
अकरा नोव्हेंबर. मग पंचवीस जानेवारी.
पंचाहत्तर दिवस, तीन माणसं, पंधरा किलो शेंगतेल:
माणशी रोज सहासष्ट ग्रॅम, वर चिल्लर.
यात वरणावरचं तूप नाही.
पुऱ्यांचं उरलेलं, गाळून ठेवलेलं,
पुन्हा तापवलेलं तेल यातच आलं, पण ते वेगळं मोजायला हवं.
सौमित्र मकरपुऱ्याच्या कॅन्टीनमध्ये खातो ते नाही,
तो सत्तावीस वर्षांचा आहे आणि पट्ट्याला
नवीन भोक पाडून घेतो, बाहेरच्या बाजूला.
आणि रविवारची सेव-उसळ नाही,
जिच्यावरची लाल तरी मी
"भाई, थोडी वधारे" म्हणून
स्वतः मागून घेत आलो.

कुमुद म्हणाली,
जगाची मापं तपासलीत,
माझ्या हाताचं माप कधी विचारलं नाहीत.
तुमच्या आईनं शिकवलं होतं, भाजीला तेल दिसलं पाहिजे,
नाहीतर लोक म्हणतील, सरकारी नोकरीत भागत नाही वाटतं.
मग थोड्या वेळानं: मूठभर शेंगदाणे चालतील म्हणाल्या ना त्या?
चालतील. अक्रोडही. सगळंच स्निग्ध वाईट नसतं.
वनस्पती तूप मात्र घरात नको.
नानकटाई गेली, ती म्हणाली,
जणू कुणाच्या घरची बातमी सांगावी.

आता ओट्यावर काचेची एक बाटली आहे.
तिच्यावर मी चिकटपट्टी लावून रेघ ओढली, हिरव्या शाईनं,
जशी नोटिशीवर ओढायचो.
आठवड्याला एवढंच. खाली तारीख, खाली सही.
पहिले दोन आठवडे भाजी कोरडी लागली,
तिसऱ्या आठवड्यात गिलक्याला
गिलक्याची चव असते हे कळलं.

आज बाटली उजेडात धरली.
रेघ होती तिथे नाही.
चांगली बोटभर वर आहे,
आणि जुनी, ओल्या फडक्यानं पुसलेली,
अजून थोडी दिसते.

कुमुद पोळ्या लाटत होती, तिनं वर पाहिलं नाही.
सौमित्र कामावर.
मी कुणालाच काही विचारलं नाही.
शाई हिरवी आहे,
आणि तो पेन रात्री झोपतानाही
माझ्याच खिशाला असतो.