अठ्ठावीस वर्षं मागे

बंधाऱ्यावरच्या खोलीत
अजून हिरव्या अक्षरांचा पडदा जळतो.
पहिल्याच दिवशी मी विब्रेनला म्हटलं,
तारीख चुकली आहे.
तो म्हणाला, चुकली नाही, चुकवली आहे.
दोन हजारच्या पुढचं याला मोजता येत नाही,
म्हणून अठ्ठावीस वर्षं मागे नेऊन ठेवलंय.
वार बरोबर जुळतात.

मग बदलत का नाही?
उत्तर न देता त्याने खिडकी उघडली.
खाली फ्रिसलंडचा राखाडी दर्या
लोखंडी दारांना ढुशा देत होता.
बदलायला तीन दिवस लागतात, म्हणाला,
तेवढी रजा तू त्याच्याकडून मागून आण.

यंत्राला दोनच शब्द येतात: उघड, लाव.
बाकी दुनियेशी बोलणं नाही.
सुटे भाग विब्रेन आणायचा
बंद पडलेल्या दूध-भुकटीच्या कारखान्यातून,
बिस्किटांच्या डब्यात,
जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून.

काल त्याची शेवटची पाळी झाली.
किल्ल्या देऊन तो सायकलवर बसला,
वळून बघितलं नाही.

भरती आली पहाटे चार दहाला.
यंत्राच्या लेखी
मी अजून जन्मलेच नाही.
मी कळ दाबते
आणि ते माझं ऐकतं.