उलटं नाव

रंगूबा पणजोबांनी उद्यमनगरात पहिला चरक ओतला
तेव्हा लाकडी पॅटर्नवर नाव उलटं कोरलं,
वाळूत सुलटं होईल म्हणून.
झालं नाही.
भट्टीचा घाम पुसत म्हणाले,
"असू दे. ऊस काय वाचतोय व्हय?"

आजोबांनी तसंच ठेवलं.
बाबांनी शिरोलीत क्रेन बांधल्या, पिवळ्या,
नाव सुलटं, लेटरहेड इंग्रजीत,
आणि काकांशी बोलणं बंद.

काल गडहिंग्लजहून ट्रॉलीत एक चरक आला,
दात झिजलेले, अंगावर काकवीचा काळा थर.
लेक संगणकावर गिअर आखत होती.
उठली. बोटानं अक्षरं चाचपली
उजवीकडून डावीकडे,
मग म्हणाली,
धाकट्या आजोबांचा नंबर आहे का?